पिसाची माशी, रानकोंबड्याचा डोळा

मराठीत मासा आणि माशी हे शब्द अगदी शेजारी राहतात, पण त्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसतं. माशी आली की आपल्याला शिंकलेली माशी आठवते, गुळावर बसलेली आठवते. माशीने मासा धरायचा ही कल्पना आपल्या भाषेत नाही. इंग्रजांच्या भाषेत मात्र ती पाचशे वर्षांहून जुनी आहे. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही, बेडकी नाही. दोरा, लोकर, केस आणि पिसं गुंडाळून एक खोटा किडा बांधायचा, तो पाण्यावर टाकायचा आणि माशाने तो खरा समजावा अशी अपेक्षा करायची. त्या खोट्या किड्याला ते लोक माशी म्हणतात. पुढे हीच माशी नदीतून समुद्रात गेली, तरी नाव माशीच राहिलं. समुद्रात माश्या नसतात, याचा त्यांना विसर पडला असावा.

गोंदियापासून समुद्र कुठल्याही दिशेने शेकडो किलोमीटर लांब. इथे बसून खाऱ्या पाण्यातल्या माश्यांचा इतिहास लिहायचं कारण काय, असं कोणी विचारलं तर उत्तर आहे पीस. या कलेचा सगळा संसार पिसांवर उभा आहे. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं पीस ज्या पक्ष्याच्या मानेवर उगवतं, तो पक्षी आपल्या द्वीपकल्पाच्या जंगलांखेरीज जगात कुठेच रानात सापडत नाही. राखाडी रानकोंबडा. पूर्वेकडच्या जंगलातला तांबडा रानकोंबडा आणि दक्षिण-पश्चिमेकडचा हा राखाडी, यांच्या हद्दी मध्य भारतातच कुठेतरी एकमेकांना भिडतात. म्हणजे हा इतिहास आपल्या अंगणाच्या कुंपणाला लागून गेलेला आहे. फक्त तो लिहिताना कुणी कुंपणाच्या अलीकडे पाहिलं नाही.

सुरुवात जुन्या साक्षीने करू. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेला ईलियन नावाचा रोमन लेखक मॅसेडोनियातल्या एका नदीची हकीकत सांगतो. तिथले लोक गळावर लाल लोकर गुंडाळत आणि तिला कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधत. पाण्यावर बसणाऱ्या एका किड्यासारखा तो ऐवज दिसे आणि ठिपकेदार मासे त्याला फसत. माशी बांधण्याचा लेखी पुरावा म्हणून हाच उतारा दाखवला जातो. मला त्यात कोंबडा महत्त्वाचा वाटतो. कोंबडा युरोपचा नव्हे. तो आशियातून, आपल्या बाजूच्या रानातून माणसाळून तिकडे गेला. पहिल्याच माशीला पूर्वेचं पीस होतं.

आपल्याकडे गळाचं शास्त्र नव्हतं असं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, साधारण ११३०च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, आपल्या मराठवाड्याला चिकटलेलं. या ग्रंथात जुनी मराठी पदंही सापडतात, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याला आपला मानतात. त्यात मत्स्यविनोद नावाचा एक भाग आहे. माशांचे पस्तीसेक प्रकार, समुद्रातले वेगळे, नदीतले वेगळे, कुणाला काय खाऊ घालायचं, काठी कशी, दोर कसा, गळ कसा, सगळं राजाने बारकाईने मांडलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर लिहिलं, तेव्हा जगाला कळलं की इंग्लंडमध्ये गळावरचं पहिलं पुस्तक छापलं गेलं त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी दख्खनमध्ये एक राजा हेच लिहीत बसला होता. इंग्लंडचं ते पुस्तक १४९६चं, त्यात बारा माश्यांच्या कृती आहेत. फरक इतकाच की सोमेश्वराचा भर माशाला खरोखर खायला देण्यावर आहे आणि इंग्रजांचा भर दाखवण्यावर.

मोगलांचा विषय निघाला की लोकांना वाघाची शिकार आठवते. जहांगीर बादशहाने मात्र आपल्या रोजनिशीत एक गंमत लिहून ठेवली आहे. १६०७ साली काबूलच्या वाटेवर हसन अब्दाल इथे मुक्काम असताना त्याने स्वतः फेकजाळं टाकलं. दहा-बारा मासे आले. त्याने त्यांच्या नाकात मोती ओवले आणि परत पाण्यात सोडून दिले. आज गळवाले मासा धरून, फोटो काढून सोडतात आणि त्याला आधुनिक सभ्यता म्हणतात. बादशहा चार शतकं आधी तेच करत होता, वर मोत्यांचा खर्च सोसून.

मासा खायचा नसेल तर धरायचा कशाला, हा प्रश्न आमच्यात हमखास निघतो, आणि निघायला हवा. समुद्राची शिकार हलाल आहे याबद्दल वाद नाही. पण जिवंत प्राण्याला निव्वळ निशाणा बनवण्याची मनाईही तितकीच स्पष्ट आहे. खेळ म्हणून माशाच्या ओठात पोलाद रुतवायचं आणि मग कृपा केल्यासारखं सोडायचं, हे मला मनापासून पटत नाही. धरला तर खा, नाहीतर पाण्यात राहू दे, हा ढिवराचा न्याय मला सरळ वाटतो. तरीही त्या माश्या बांधणाऱ्या हातांचं कसब पाहिलं की मान द्यावासा वाटतो. दोन्ही गोष्टी एका मनात राहू शकतात.

आता कसबाकडे वळू. समुद्रात माशी निवडायची म्हणजे किडा निवडायचा नसतो. तिथला मासा लहान चांदीसारखे मासे खातो, झिंगे खातो, खेकडे खातो. तेव्हा आधी पाहायचं की या किनाऱ्यावर, या भरतीला, या महिन्यात तो काय खातोय. पाणी गढूळ असेल तर गडद किंवा भडक रंग, नितळ आणि उथळ असेल तर वाळूच्या रंगाचा फिका. मासा तळाशी चरत असेल तर माशीला वजन हवं, वरच्या थरात असेल तर हलकी. गळ स्टेनलेस स्टीलचा किंवा चांगला मुलामा दिलेला, कारण साधं लोखंड खारं पाणी खाऊन टाकतं. आणि मोठी माशी बोट-बोटभर लांब असली तरी वजनाने हलकी हवी, कारण इथे वजन दोरीला असतं, आमिषाला नाही. हवेत जाड दोरीचा वेटोळा उलगडत जातो आणि शेवटी पीस पाण्यावर उतरतं.

अमेरिकेत मेरीलँडचे लेफ्टी क्रे यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातल्या माशांसाठी बांधलेली माशी आजही खाऱ्या पाण्यात सर्वाधिक चालणाऱ्या माश्यांपैकी एक आहे. नावच ‘डिसीव्हर’, म्हणजे फसवी. ती बांधायची रीत सांगण्यासारखी आहे. गळ एका लहान शिकंज्यात घट्ट धरायचा. दांडीवर दोरा गुंडाळत मागे जायचं. मागच्या टोकाला कोंबड्याच्या पाठीवरची चार-सहा लांब पिसं, अर्धी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या बाजूला, तोंडाला तोंड लावून बांधायची. ही झाली शेपटी. मग पुढच्या टोकाला हरणाच्या शेपटीचे पांढरे केस चारही बाजूंनी कॉलरसारखे, असे की ते पिसांच्या मुळापर्यंत मागे पोचतील. हीच खरी युक्ती. फेकताना लांब पिसं गळाच्या वाकड्या भागाला गुरफटतात आणि माशी बिघडते. केसांची ती कॉलर पिसांना धरून ठेवते. गळ्याखाली लाल दोऱ्याचा किंवा लाल पिसाचा एक ठिपका, म्हणजे कल्ल्यांचं रक्त. वरून निळे किंवा हिरवे केस, कारण खुल्या पाण्यातल्या लहान माशाची पाठ गडद आणि पोट पांढरं असतं. शेवटी दोऱ्याचं डोकं आणि डोळा. ओली झाली की केस आणि पिसं चिकटून माशाचा आकार घेतात, ओढली की श्वास घेतल्यासारखी हलतात.

दुसरी माशी पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाऊजर यांची, १९८०च्या दशकातली. ती मुळात सस्क्वेहाना नदीसाठी होती, पण समुद्रानेच तिला आपलंसं केलं. शिशाचे डंबेलसारखे दोन डोळे गळाच्या दांडीवर वरच्या बाजूला बांधायचे. वजन वर आल्यामुळे माशी पाण्यात उलटी होते आणि गळाचं टोक वर येतं. तळावर ओढली तरी ती गोट्यांत, गवतात अडकत नाही. ओढलं की वर उठते, थांबलं की डोकं खाली करून बुडते. तिसरी बहामा बेटांवरची, लहानशी, झिंग्यासारखी, साखळीच्या मण्यांचे डोळे लावलेली.

या तिसऱ्या प्रकारातल्या काही माश्या मी हातात घेऊन पाहिल्या आहेत. माझे मामू ओमानला सलाला इथे एका हॉटेलात बरीच वर्षं होते. त्या किनाऱ्यावर परमिट नावाचा चपटा, अतिशय संशयी मासा गळावर धरायला युरोपातून लोक येतात. अशाच कुणा पाहुण्याने जाताना एक चपटी डबी मामूंना देऊन टाकली. मामूंना वाटलं बायकांच्या ब्रोचेस आहेत. मामानींना ते आणून दिले, तेव्हा त्यांनी बोट टोचून घेतलं. मग डबी माझ्याकडे आली. वाळूच्या रंगाचे चार झिंगे, रबराच्या पायांचे दोन खेकडे, आणि एक निळी-पांढरी फसवी.

मी ती डबी घेऊन अर्जुनी-मोरगावकडच्या एका तलावावर गेलो होतो, कामासाठीच. तिथे एक वयस्कर ढिवर जाळं शिवत बसले होते. त्यांना एक झिंगा दाखवला. त्यांनी तो हातावर घेतला, नखाने मण्यांचे डोळे दाबले, तराजूसारखा बोटावर तोलला आणि म्हणाले, “गुरुजी, हा झिंगा उलटा पोहते जी.” मी काहीच सांगितलं नव्हतं. मग त्यांनीच विचारलं, “गरी वर राहावं म्हून केला का?” जी गोष्ट मला पुस्तकात चित्रासह समजावून घ्यावी लागली होती, ती त्यांना बोटाच्या टोकाला समजली. निळ्या फसवीकडे पाहून मात्र ते हसले. इतक्या महागाच्या पिसांत मरळ येणार असेल तर बेडकीने काय पाप केलं, असं त्यांचं म्हणणं.

तेही खरंच. आपल्या भागात मरळीला जिवंत बेडकी किंवा लहान मासोळी, रोहू-मृगळाला कणकेचा गोळा, मागूरला गांडूळ, ही निवड कुणी कागदावर लिहिली नाही, पण ती निवडच आहे. पाणी कसं आहे, महिना कोणता, मासा काय खातोय, हे तीन प्रश्न सलालाच्या किनाऱ्यावर जे, तेच नवेगाव बांधच्या पाळीवर. फरक आमिष खायचं की पाहायचं एवढाच. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव, पुढे मालगुजारी गेल्यावर माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव म्हणून ओळखले गेले. त्यांच्यावर जगणारा ढिवर समाज माशाबद्दल जे जाणतो ते आजवर फार थोडं पुस्तकात आलं आहे. नवेगावला अनेक वर्षं वनाधिकारी राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी इथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून रानाची विद्या घेतली आणि ती मराठीत आणली. ते झालं नसतं तर पक्ष्यांची आमची नावंही आज अर्धी विस्मरणात गेली असती.

झिंग्यावरून एक अवांतर. आमच्याकडे विदर्भात मुसलमान बहुतेक हनफी. हनफी फिकहमध्ये पाण्यातला मासाच तेवढा खायचा, म्हणून झिंगा हा मासा आहे की नाही यावर आमच्या दस्तरखानावर पिढ्यान्‌पिढ्या चर्चा चालते. कोणी उलेमा हो म्हणतात, कोणी टाळा म्हणतात. कोकणातले आमचे भाऊ शाफई, त्यांना हा प्रश्नच पडत नाही, ते शांतपणे कोळंबीचं सुकं खातात. झिंगा मासा आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत तिकडे पिसाचा झिंगा करून त्याने मासे धरणं चालू आहे.

साहेबांच्या बाजूने आपल्याकडे या विषयाचा पाया हेन्री सलिव्हन थॉमस यांनी घातला. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधले, दक्षिण कानडाचे कलेक्टर. त्यांचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली मंगलोरला छापलं गेलं. मुख्य विषय महसीर, पण खाडीतल्या मासेमारीवरही ते लिहितात. खाडीत त्यांना भेटणारे मासे म्हणजे आपला रावस आणि आपला जिताडा. रायगडच्या शेततळ्यांत जावयासाठी राखून ठेवतात तो जिताडा आज जगभरच्या खाऱ्या पाण्यातल्या माशीवाल्यांचा लाडका आहे, फक्त त्याला ते बारामुंडी म्हणतात. पुढे १८८७ साली थॉमस यांनी तलावातल्या गळावर वेगळं पुस्तक लिहिलं. तलाव हा विषय आमच्या जिल्ह्याचा, पण पुस्तकाच्या वाचकात आमचा माणूस नव्हता.

आता मूळ मुद्दा. त्या काळात विलायतेत सगळ्यात मानाची माशी सामन माशाची. सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत येतो. नदीत शिरला की तो जवळपास काही खात नाही. म्हणजे त्याच्यासाठी बांधलेल्या माशीने कशासारखंही दिसायची गरज नव्हती. झालं, कारागिरांना मोकळं रान मिळालं. जॉक स्कॉट नावाची माशी, १८५०च्या आसपासची, घ्या. तिच्यात सोनेरी फेजंटची शेंडी, टुकनची छाती, शहामृग, मोर, आणि दोन्ही गालांवर रानकोंबड्याचं एक एक पीस. जॉर्ज केल्सनने १८९५ साली अशा माश्यांचं मोठं पुस्तक काढलं आणि कोणत्या नदीला, कोणत्या प्रकाशाला कोणतं पीस, याचं शास्त्र असल्यासारखं सांगितलं. माझं मत विचाराल तर ते शास्त्र माशासाठी नव्हतंच. गिऱ्हाइकासाठी होतं. त्या याद्यांत ‘इंडियन क्रो’ नावाचं एक नारिंगी-लाल पीस येतं. तो पक्षी ना भारतातला, ना कावळा. दक्षिण अमेरिकेतला. साम्राज्याच्या बाजारात महाग माल म्हटला की त्यावर भारताचं नाव चिकटवायची सवयच होती.

राखाडी रानकोंबडा मात्र खरा भारताचा. नराच्या मानेवरच्या पिसांच्या टोकाशी लाख वितळवून थेंब टाकावा तसे पांढरे-पिवळसर चकाकते ठिपके असतात. ते पाण्यात विरत नाहीत, मऊ पडत नाहीत. माशीच्या गालावर तसं एक पीस बांधलं की हुबेहूब डोळा. शिकारी मासा आधी डोळ्याकडे झेपावतो असं गळवाले मानतात, म्हणून नदीतून समुद्रापर्यंत त्याला मागणी. मानेचं कातडं पिसांसकट सोलून, वाळवून, गठ्ठ्यांनी जहाजावर चढे. एका मानेत वापरण्याजोगी लहान-मोठी पिसं पुष्कळ, पण मान एकाच कोंबड्याची, आणि तो मेलेला.

हा माल रानातून आणणारा कोण, हे केल्सनच्या पुस्तकात सापडणार नाही. आपल्याकडे फासेपारधी घोड्याच्या केसांचे, तातीचे फासे लावून तितर, लावे, रानकोंबडे धरत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या मध्य प्रांताच्या जाती-जमातींच्या ग्रंथात त्यांच्या फाशांचं वर्णन आहे. ज्या हातांनी पाखरू एक पीस न मोडता धरलं, त्या हातांना सरकारने १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या सावलीत आणून ठेवलं. कायदा १९५२ साली गेला, शिक्का अजून जात नाही. लंडनमध्ये त्याच पिसांना रेशमी कागद आणि काचेची पेटी.

पिसांचा मोठा व्यापार अर्थात माश्यांसाठी नव्हता, बायकांच्या टोप्यांसाठी होता. माशीवाले त्या समुद्रातले झिंगे. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर जी तलम तुरे येतात, त्यांची किंमत सोन्याशी मोजली जाई. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथले मुसलमान मच्छीमार बगळे पिंजऱ्यात पाळून, मासे खाऊ घालून, वर्षातून अनेकदा त्यांचे तुरे खुडत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१४ साली यावर लेख आला. पक्षी मारण्यापेक्षा पाळणं बरं, असं काहींचं म्हणणं होतं. काहींना त्या आडून रानातल्या बगळ्यांचा माल खपवला जाईल ही भीती. दोन्हींत तथ्य होतं.

त्याआधीच, १९०२ साली, कर्झनच्या काळात हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर पाठवायला बंदी केली होती. शहामृगाची पिसं आणि अभ्यासाचे नमुने तेवढे वगळले. इंग्लंडने स्वतःच्या बंदरावर आयात रोखणारा कायदा केला तो १९२१ला. म्हणजे एकोणीस वर्षं विकायला बंदी आणि विकत घ्यायला मोकळीक. अशा बंदीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. माल चोरवाटांनी जातच राहिला.

पुढचा टप्पा आम्हा मुसलमान वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यात आमची नावं आहेत आणि ती आमच्या मुलांना फारशी माहीत नाहीत. सालिम अली सगळ्यांना ठाऊक. मुंबईतल्या बोहरा घरातला मुलगा, एअरगनने चिमणी पाडली आणि मान पिवळी का म्हणून विचारायला सोसायटीच्या दारात गेला. पण हुमायून अब्दुलअलींचं नाव किती जणांना माहीत आहे? १९५१चा मुंबई राज्याचा वन्य पशु-पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. तो कायदा तेव्हा गोंदियाला लागू नव्हता, कारण आपला भाग तेव्हा मध्य प्रदेशात. आपण मुंबई राज्यात आलो १९५६ला. १९७२च्या देशव्यापी कायद्याने मग सगळ्यांनाच एका छत्रीखाली आणलं, आणि १९७५च्या सुमारास आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात राखाडी रानकोंबड्याचं नाव गेलं.

आणि तिसरं नाव अली हुसेन. बिहारमधल्या मीरशिकार समाजातले. हा मुसलमान पक्षीपारध्यांचा समाज, पिढीजात धंदा पाखरं धरून विकायचा. सोसायटीने स्थलांतराचा अभ्यास सुरू केला, तेव्हा पक्ष्याला इजा न करता धरून, पायात वाळा घालून सोडायचं होतं. पदवीधरांना ते येईना. अली हुसेन आणि त्यांच्या बिरादरीच्या लोकांना येत होतं. बाजारासाठी धरणारे हात शास्त्रासाठी धरू लागले. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आज आपल्याला जे कळलं आहे, त्यातला मोठा हिस्सा या निरक्षर म्हणवल्या गेलेल्या हातांनी पकडून दिलेला आहे. पारध्यांच्या बाबतीत असं काही फार कमी ठिकाणी घडलं, ही खंत आहे.

बंदीनंतर पिसांची ओढ संपली, असं समजू नये. जून २००९ मध्ये लंडनमध्ये बासरी शिकणाऱ्या एका वीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने इंग्लंडच्या ट्रिंग गावातल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या शाखेची खिडकी फोडली आणि २९९ पक्ष्यांची कातडी सुटकेसमध्ये भरून नेली. त्यात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी मलाया द्वीपसमूहातून दीडशे वर्षांपूर्वी आणलेले स्वर्गपक्षी होते. ती पिसं त्याने माश्या बांधणाऱ्या हौशी लोकांना विकली. गंमत म्हणजे यातले कित्येक जण मासे धरतच नाहीत. केल्सनच्या जुन्या कृतींप्रमाणे अस्सल पीस लावून माशी बांधायची आणि चौकटीत ठेवायची, एवढाच हेतू. कर्क वॉलेस जॉन्सन यांनी २०१८ साली या चोरीवर पुस्तक लिहिलं. ते वाचताना मला राग त्या पोरापेक्षा अस्सल या शब्दाचा आला. माशाला अस्सल-नक्कल कळत नाही. कळती तर माशी चाललीच नसती.

समुद्राच्या माश्यांनी मात्र या बाबतीत जरा बरी वाट धरली. लेफ्टी क्रे यांची फसवी किंवा क्लाऊजरची उलटी, दोन्हींना दुर्मिळ काहीच लागत नाही. पाळलेला कोंबडा, हरणाची शेपटी, चमकी, शिसं. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने माश्यांची पाच तिकिटं काढली. त्यात जॉक स्कॉट आहे, फसवी आहे आणि ‘आपटे टार्पन’ नावाची एक माशीही आहे. ते स्पेलिंग पाहून कुणी पुण्याचा आपटे फ्लोरिडात गळ टाकायला गेला की काय असं वाटतं. पण हे स्टू आपटे मायामीचेच, आणि नावाचा उच्चारही वेगळा.

आज राखाडी रानकोंबडे इंग्लंडमध्ये पाळले जातात आणि त्यांची पिसं नोंदणीने विकली जातात. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर छापलेले डोळेही पाकिटात मिळतात. अमेरिकेत तर फक्त लांब पिसांसाठी कोंबड्यांची पैदास होते, पिढ्या निवडून-निवडून हातभर पीस काढलं जातं. २०११ साली केसांत पीस खोवायची फॅशन तिथे आली, तेव्हा माश्या बांधणाऱ्यांना कोंबड्याची पिसं मिळेनात आणि भाव कित्येक पटींनी चढले. टोपीवाल्या बायका आणि गळवाले पुरुष पुन्हा एकाच दुकानात भांडायला आले.

यात एक गोष्ट मला शेवटी सापडली, तीही पिसांत नव्हे, कातडीत. २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी पाळीव कोंबडीच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून आली हे डार्विनच्या काळापासून मानलं जात होतं. पण तिच्या पायांना आणि कातडीला पिवळा रंग देणारं जनुक तांबड्याचं नाही, ते राखाडी रानकोंबड्याचं निघालं. म्हणजे कधीतरी हजारो वर्षांपूर्वी, भारतातल्याच कुठल्या तरी गावाच्या कडेला, माणसाळलेली कोंबडी आणि राखाडी रानकोंबडा एकत्र आले. अमेरिकेतल्या ज्या कोंबड्यांचे पाय पिवळे असतात, त्यांच्या अंगात आपल्या रानकोंबड्याचा तो हिस्सा आहे. आणि आमगावच्या आठवडी बाजारात पाय बांधून उलटे टांगलेले गावरान कोंबडे विकायला येतात, त्यांतल्या पिवळ्या पायांच्यांतही.